दार उघडणारा बचावपटू

पाकिस्तान म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. वडीलधाऱ्यांना हॉकी आठवते, जहांगीर खानचे स्क्वॉश आठवते. फुटबॉल मात्र कोणाला आठवत नाही. आठवलाच तर फुटबॉलचा खेळ आठवत नाही, नुसता चेंडू आठवतो. पंजाब प्रांतातले सियालकोट हे शहर चेंडू बनवण्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. २०१४ च्या ब्राझीलमधील, २०१८ च्या रशियातील आणि २०२२ च्या कतारमधील विश्वचषक स्पर्धांसाठी जे चेंडू तयार झाले, त्यांत सियालकोटच्या कारखान्याचा वाटा होता. म्हणजे मेस्सीच्या पायाशी खेळलेला चेंडू पाकिस्तानातून गेला. पण त्या चेंडूला लाथ मारायला पाकिस्तानचा संघ विश्वचषकाच्या मैदानावर आजवर एकदाही उतरलेला नाही.

चेंडू पोचला, खेळाडू पोचला नाही. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका खेळाडूची कारकीर्द फार उपयोगी पडते. त्याचे नाव झेश रेहमान. पूर्ण नाव झेशान. पाकिस्तानी वंशाचा हा खेळाडू इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळला, पाकिस्तानच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला, पुढे थायलंड, हाँगकाँग, मलेशिया असा फिरला आणि शेवटी प्रशिक्षक झाला. त्याच्या नावावर गोलांचे डोंगर नाहीत. तो बचावपटू होता, आणि बचावपटूचे काम गोल अडवण्याचे. तरीही त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. खेळाडू म्हणून त्याने एक दार उघडले हे खरेच आहे. परंतु उघडलेले दार उघडेच राहायचे असेल, तर आत बसून माणसे निवडणाऱ्यांमध्येही आपले कोणी असावे लागते, हे त्याच्या दुसऱ्या डावातून, म्हणजे प्रशिक्षकपदाच्या काळातून, नीट समजते.

सुरुवात बर्मिंगहॅमपासून करू. झेशचा जन्म तिथला, १९८३ सालचा. बर्मिंगहॅम आणि आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात दुसऱ्या महायुद्धानंतर पंजाब, मीरपूर, सिल्हेट या भागांतून हजारो कुटुंबे गेली. कोणी ओतशाळेत कामाला लागले, कोणी बस चालवू लागले, कोणी कोपऱ्यावरचे दुकान टाकले. त्यांची मुले इंग्लंडमध्ये जन्मली, तिथल्याच शाळांत शिकली आणि मधल्या सुट्टीत इतर मुलांसारखीच फुटबॉल खेळू लागली. पण शाळेच्या मैदानावरून क्लबच्या मैदानाकडे जाणारा रस्ता त्यांच्यासाठी जवळजवळ बंद होता.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटू घडवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. क्लबांचे निरीक्षक गल्लीबोळांतल्या, शाळांमधल्या सामन्यांना जातात. आठ-नऊ वर्षांची चुणचुणीत मुले हेरतात. ती मुले क्लबच्या अकादमीत दाखल होतात. दर वर्षी चाळणी लागते. सोळाव्या वर्षी ज्यांना शिष्यवृत्ती मिळते ते पुढे जातात, बाकीचे घरी परततात. सतराव्या-अठराव्या वर्षी उरलेल्यांतल्या मोजक्यांना पगारी करार मिळतो. या चाळणीत पहिला प्रश्न गुणवत्तेचा नसतोच. पहिला प्रश्न असा की, निरीक्षक तुमच्या मैदानाकडे येतो का?

तो येत नव्हता. एशियन मुलांचे स्वतःचे क्लब होते, स्वतःच्या रविवारच्या लीग होत्या, पण तिकडे निरीक्षक फिरकत नसत. ही मुले अंगाने किरकोळ असतात, त्यांना थंडी सोसत नाही, त्यांचे जेवण खेळाडूचे नाही, त्यांना क्रिकेटच आवडते, त्यांच्या आईवडिलांना मुलगा डॉक्टरच व्हायला हवा असतो, असे अनेक समज पक्के बसले होते. १९९६ मध्ये इंग्लंडमध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचे नावच उपरोधाने ठेवले होते : ‘एशियन्स कान्ट प्ले फुटबॉल’, म्हणजे एशियनांना फुटबॉल खेळता येत नाही. जस बेन्स आणि राज पटेल यांनी तो तयार केला होता. मुलांमध्ये खेळाची आवड भरपूर आहे, क्लब मात्र त्यांच्यापर्यंत जातच नाहीत, हे त्यात मांडले होते.

आईवडिलांच्या बाजूनेही अडचण होतीच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या प्रेक्षागारात वंशद्वेषी घोषणा राजरोस ऐकू येत. अशा ठिकाणी आपला मुलगा पाठवायला कोणते पालक तयार होतील? क्रिकेटमध्ये तुलनेने वाट लवकर मोकळी झाली. मद्रासमध्ये जन्मलेला नासिर हुसेन १९९९ मध्ये इंग्लंडचा कर्णधार झाला. फुटबॉलमध्ये तसे काही घडण्याची चिन्हे नव्हती.

आणि गंमत पाहा, आपल्या उपखंडातला माणूस ब्रिटनमधल्या मोठ्या क्लबकडून खेळला त्याला तेव्हा साठ वर्षे होऊन गेली होती! कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून खेळला. पायात बूट नव्हते. पायाला पट्ट्या गुंडाळून तो उतरला आणि त्याने प्रेक्षकांना थक्क केले. पण तो परत मायदेशी आला आणि त्याच्यामागून दुसरा कोणी गेला नाही. १९९९ मध्ये आपला बायचुंग भुतिया इंग्लंडच्या बरी क्लबमध्ये गेला, तेव्हाही ती एकट्याची सफर ठरली. एक जण जातो, टाळ्या पडतात आणि मागे दार लागते, असे पुन्हा पुन्हा झाले आहे.

झेश रेहमान फुलहॅम क्लबच्या अकादमीत वाढला. फुलहॅम हा लंडनचा जुना क्लब, १८७९ मध्ये स्थापन झालेला. त्याचे मैदान अगदी थेम्स नदीच्या काठावर आहे. २००१ मध्ये हा क्लब प्रीमियर लीगमध्ये आला. झेश तेव्हा अठराच्या उंबरठ्यावर होता. इंग्लंडच्या वयोगटांतील संघांतूनही तो खेळला. अनुभवासाठी त्याला ब्रायटनला उसना देण्यात आला. उसना देणे ही तिथली रूढ पद्धत आहे. मोठा क्लब आपल्या तरुण खेळाडूला काही महिने खालच्या स्तरावरच्या क्लबकडे धाडतो. तिथून परतल्यावर २००४ मध्ये झेश प्रीमियर लीगच्या सामन्यात उतरला. पाकिस्तानी वंशाचा खेळाडू या लीगमध्ये प्रथमच खेळत होता.

श्रोतेहो, त्या काळातल्या प्रीमियर लीगचे चित्र डोळ्यांसमोर आणा. समोर थिएरी ऑन्री, वेन रूनी, दिदिए द्रोग्बा अशी नावे. वीस-एकवीस वर्षांचा बचावपटू त्यांच्यासमोर उभा राहायचा म्हणजे खायचे काम नाही. २००४-०५ च्या हंगामात झेशला बऱ्यापैकी सामने मिळाले. पण फुलहॅममध्ये त्याची जागा पक्की झाली नाही. २००६ मध्ये तो आधी नॉर्विचकडे उसना गेला आणि मग क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये दाखल झाला.

याच सुमारास त्याने एक मोठा निर्णय घेतला होता. वयोगटाच्या संघातून एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूला मुख्य संघासाठी, काही अटींवर, दुसरा देश निवडता येतो. फिफा या जागतिक संघटनेचा तसा नियम आहे. झेशने पाकिस्तान निवडला. डिसेंबर २००५ मध्ये कराचीत दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची, म्हणजे ‘सॅफ’ची, स्पर्धा झाली. तिथे तो पाकिस्तानच्या हिरव्या पोशाखात उतरला. प्रीमियर लीगच्या क्लबचा खेळाडू आपल्या संघात, याचे तिथल्या प्रेक्षकांना केवढे अप्रूप असेल याची कल्पना करा. पाकिस्तान उपान्त्य फेरीपर्यंत गेला आणि बांगलादेशाकडून एका गोलाने हरला. पुढे अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशाला हरवून स्पर्धा जिंकली.

एका चांगल्या बचावपटूने संघ का बदलला नाही? कारण फुटबॉल हा एकखांबी तंबू नाही. शिवाय झेश संघाला मिळणार किती दिवस? डिसेंबर हा इंग्लिश फुटबॉलचा ऐन गर्दीचा महिना. नाताळच्या आठवड्यात तर दोन-तीन दिवसांआड सामने असतात. फिफाने ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या दिवसांतच क्लबला खेळाडू सोडावा लागतो. इतर वेळी क्लबच्या मर्जीवर. दक्षिण आशियातल्या स्पर्धा बहुधा या ठरलेल्या दिवसांबाहेर भरत. मग परदेशातला खेळाडू यायचा, चार दिवस सरावाला मिळायचा, पाचव्या दिवशी सामना. त्याची आणि बाकीच्यांची धड ओळखही व्हायची नाही.

आणि बाकीचे कसे घडत होते? पाकिस्तानात फुटबॉलची आवड नाही असे मुळीच नाही. कराचीतली लियारी ही कष्टकऱ्यांची वस्ती फुटबॉलवेडी आहे. विश्वचषकाच्या दिवसांत तिथल्या गल्ल्या ब्राझीलच्या पिवळ्या-हिरव्या झेंड्यांनी भरून जातात. बलुचिस्तानात, अफगाण सरहद्दीवर चमन नावाचे गाव आहे. तिथल्या मुलांनी पाकिस्तानला उत्तम खेळाडू दिले. पण हे खेळाडू पोटासाठी कोणत्या तरी सरकारी वा निमसरकारी खात्याच्या नोकरीवर अवलंबून असत. वीजमंडळाचा संघ, लष्कराचा संघ, टेलिफोन खात्याचा संघ, बँकेचा संघ. आपल्याकडेही एअर इंडिया, महिंद्र, ओएनजीसी यांचे संघ होते, तसाच प्रकार. खेळला तर पगार, आणि खेळ संपला तर निदान नोकरी. यात सुरक्षितता होती, पण अकादमी नव्हती, क्लबला जोडलेला गाव नव्हता, तिकीट काढून येणारा प्रेक्षक नव्हता. २०२१ मध्ये इम्रान खान यांच्या सरकारने खात्यांचे क्रीडा विभागच बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेकडो खेळाडूंच्या रोजीरोटीचा प्रश्न उभा राहिला. पुढच्या वर्षी नव्या सरकारने तो निर्णय मागे घेतला. पण एका पत्राने सारे कोलमडू शकते, हे तेवढ्यात दिसून गेले.

याच २००५ सालातली आणखी एक गोष्ट सांगतो. कराचीतल्या स्पर्धेआधी सहा महिने, १२ जूनला, क्वेट्टा शहरात भारत आणि पाकिस्तान यांच्यात मैत्रीपूर्ण सामना झाला. भारताकडून वीस वर्षांचा एक मुलगा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना खेळत होता. त्याने गोल केला. त्याचे नाव सुनील छेत्री. पाकिस्तानकडून चमनच्या मोहम्मद एसाने गोल करून बरोबरी साधली. सामना १-१ सुटला. दोघेही आघाडीला खेळणारे, दोघेही जिद्दी. पुढे छेत्रीचे आंतरराष्ट्रीय गोल नव्वदीपार गेले. एसा पाकिस्तानचा कर्णधार झाला, त्या देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. आणि त्याच्या गोलांची संख्या आहे ११. गुणवत्तेत फरक असेल, नाही असे नाही. पण नव्वद आणि अकरा यांतला सगळाच फरक काही पायांतला नसतो. एका देशात लीग चालू राहिली, राष्ट्रीय संघ दर वर्षी खेळत राहिला. दुसऱ्या देशात संघाला सामनेच मिळेनासे झाले. मार्च २०१५ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ पाकिस्तानच्या संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही. महासंघातली भांडणे, निवडणुकांचे वाद, कोर्टकचेऱ्या. फिफाने २०१७, २०२१ आणि २०२५ अशी तीन वेळा पाकिस्तानच्या महासंघाला निलंबित केले. खेळाडूच्या उमेदीची वर्षे अशी वाया गेली तर ती भरून कोण देणार?

झेशकडे परत येऊ. २००९ मध्ये तो ब्रॅडफर्ड सिटी या क्लबात गेला. ब्रॅडफर्ड हे यॉर्कशायरमधले जुने लोकरगिरण्यांचे शहर. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे तिथला दर चौथा माणूस पाकिस्तानी वंशाचा आहे. क्लबचे मैदान ज्या भागात आहे, त्या मॅनिंगहॅममध्ये तर हे प्रमाण आणखी मोठे. सामन्याच्या दिवशी मात्र आजूबाजूच्या घरांतली माणसे घरातच आणि बाहेरून आलेली माणसे मैदानात, असा प्रकार वर्षानुवर्षे चाललेला. त्या मैदानावर झेशान रेहमान हे नाव पाठीवर लावून एक जण उतरला, याचे महत्त्व गुणफलकावर दिसणारे नाही. ब्रॅडफर्ड तेव्हा चौथ्या स्तरावर होता. त्यामुळे इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलच्या चारही स्तरांवर खेळलेला पहिला ब्रिटिश एशियन म्हणून झेशची नोंद केली जाते. याकडे उताराची नोंद म्हणूनही पाहता येईल : पहिल्या स्तरावरून चौथ्यापर्यंत. पण प्रशिक्षक होण्यासाठी याहून चांगली शाळा नसावी. वरचे चकचकीत जग त्याने पाहिले, खालची ओढाताणही पाहिली.

२०११ मध्ये त्याने इंग्लंड सोडले. थायलंडच्या मुआंगथाँग युनायटेडमध्ये गेला, मग हाँगकाँगच्या किटचीमध्ये, मग मलेशियाच्या पाहांगमध्ये. २०१४ मध्ये पाहांगने मलेशियातील एफए कप आणि मलेशिया कप या दोन्ही स्पर्धा जिंकल्या, त्या संघात तो होता. मधे काही महिने इंग्लंडमध्ये जिलिंगहॅमकडे खेळून २०१७ मध्ये तो पुन्हा हाँगकाँगला गेला, सदर्न या क्लबकडे. तिशी उलटलेल्या बचावपटूला पळण्याचा वेग राहत नाही. तो उभे राहण्याची जागा बरोबर निवडून वेळ भागवतो. आपण कोठे उभे राहायचे आणि शेजाऱ्याला कोठे उभे करायचे, हे सतत ओरडून सांगत राहतो. म्हणजे मैदानातच तो अर्धा प्रशिक्षक झालेला असतो. पुढे झेश २०२० मध्ये याच सदर्न क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला.

इथे प्रशिक्षकाच्या कामाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. उत्तम खेळाडू आपोआप उत्तम प्रशिक्षक होतो, हा गैरसमज आहे. युरोपात प्रशिक्षकाला परवाना लागतो. सी, बी, ए आणि शेवटी प्रो, अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला महिनोन् महिने अभ्यास, प्रात्यक्षिके, परीक्षकांसमोर सराव घेऊन दाखवणे. अभ्यासक्रमाची फी भरमसाट. नोकरी नसताना ही फी कोण भरणार आणि परवाना नसताना नोकरी कोण देणार, अशी कोंडी असते. ज्यांच्या ओळखी असतात त्यांना जुना सहकारी बोलावून घेतो. ज्यांच्या ओळखी नसतात ते दाराबाहेर राहतात. म्हणूनच इंग्लंडमध्ये मैदानात कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या मोठी असूनही संघाच्या बाकावर, म्हणजे प्रशिक्षकांमध्ये, ती फारच थोडी राहिली. यावर उपाय म्हणून खालच्या तीन स्तरांच्या इंग्लिश फुटबॉल लीगने अमेरिकेतला ‘रूनी नियम’ उचलला. या रूनीचा वेन रूनीशी संबंध नाही. अमेरिकन फुटबॉलमधले संघमालक डॅन रूनी यांच्यावरून हे नाव पडले. मुख्य प्रशिक्षकाची जागा भरण्यासाठी मुलाखती घेताना अल्पसंख्य समाजातला निदान एक उमेदवार बोलवावा, एवढेच हा नियम सांगतो. नेमणूक केलीच पाहिजे असे नाही. पण निदान दारावर टकटक ऐकू यावी.

झेश हाँगकाँगहून इंग्लंडला परतला तो पोर्ट्समथ क्लबात. सुरुवातीला अकादमीत, सतराच्या पुढच्या मुलांना व्यावसायिक खेळासाठी तयार करण्याचे काम. हे वय फार नाजूक. त्यातल्या बहुतेकांना शेवटी नकारच ऐकावा लागणार असतो, आणि तो नकार प्रशिक्षकानेच सांगायचा असतो. तिथून तो मुख्य संघाच्या प्रशिक्षकवर्गात गेला. पोर्ट्समथ हा नामांकित क्लब. १९४९ आणि १९५० मध्ये लागोपाठ इंग्लंडचा विजेता, २००८ मध्ये एफए कपचा मानकरी. नंतर कर्जात बुडाला, २०१३ मध्ये चौथ्या स्तरावर घसरला, आणि चाहत्यांनीच वर्गणी काढून तो विकत घेऊन वाचवला. जानेवारी २०२३ मध्ये जॉन मुसिन्यो हा तरुण मुख्य प्रशिक्षक तिथे आला आणि २०२३-२४ च्या हंगामात पोर्ट्समथने तिसऱ्या स्तराचे विजेतेपद पटकावून दुसऱ्या स्तरावर पुनरागमन केले. बारा वर्षांनी. त्या यशाच्या वेळी बाकावर बसलेल्यांमध्ये झेश रेहमान होता.

आता कोणी विचारील, मुख्य प्रशिक्षक दुसराच होता, मग यात झेशचे मोठेपण ते काय? मोठेपणाचा प्रश्न बाजूला ठेवू. उपयोगाचे बोलू. अकादमीत पंधरा वर्षांचा एखादा इम्रान किंवा हरप्रीत चाचणीला येतो. तो बुजरा असतो. रोजाच्या महिन्यात त्याची दमछाक होते. त्याच्या वडिलांना शनिवारी दुकान असते, त्यांना सामन्याला येता येत नाही. हे ज्याला ठाऊक नाही, तो प्रशिक्षक कागदावर लिहितो : ‘मुलाची वृत्ती उदासीन, पालकांना रस नाही.’ ज्याला ठाऊक आहे, तो सरावाची वेळ पुढेमागे करतो आणि वडिलांना एक फोन करतो. फरक एवढाच असतो, पण त्यावर मुलाचे सारे आयुष्य ठरते. झेशचा भाऊ रिझ हाही फुटबॉलमधलाच. व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेत, म्हणजे पीएफएमध्ये, त्याने एशियन मुलांना अनुभवी खेळाडूंशी जोडून देण्याची योजना चालवली आहे. दोघे भाऊ दोन टोकांनी एकच काम करताहेत असे म्हणता येईल.

या कामाची निकड आजही संपलेली नाही. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे इंग्लंड आणि वेल्सच्या लोकसंख्येत भारतीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाचे लोक मिळून सुमारे ७ टक्के आहेत. व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्यांचे प्रमाण मात्र एक टक्क्याहूनही कमी आहे. झेश प्रीमियर लीगमध्ये उतरल्याला दोन दशके उलटून गेली, तरी हे अंतर मिटलेले नाही.

पण बदल दिसतो आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्लामाबादेत पाकिस्तानने कंबोडियाला १-० ने हरवले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला पाकिस्तानचा हा इतिहासातला पहिला विजय. गोल केला हारून हमीदने, जो इंग्लंडमध्ये वाढला आणि क्वीन्स पार्क रेंजर्सच्या अकादमीत शिकला. झेश जिथे खेळला होता त्याच क्लबात. संघात इंग्लंड आणि डेन्मार्कमध्ये जन्मलेली आणखी मुले होती. प्रशिक्षक होते स्टीफन कॉन्स्टंटाइन, जे पूर्वी दोनदा भारताचे प्रशिक्षक होते. शेजारच्या बांगलादेशानेही तीच वाट धरली. प्रीमियर लीगमध्ये खेळलेला हमझा चौधरी मार्च २०२५ मध्ये शिलाँगला भारताविरुद्धच बांगलादेशाकडून पहिला सामना खेळला, आणि तो सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.

आपल्याकडे हा मार्ग अवघड आहे. पाकिस्तानात ब्रिटिश पासपोर्ट राखून पाकिस्तानी नागरिक राहता येते; भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे भारतीय वंशाच्या परदेशी खेळाडूला तिकडचा पासपोर्ट सोडावा लागतो. ज्याची आई मूळची मुंबईची, त्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. योगायोग असा की तोही पूर्वी फुलहॅम आणि पोर्ट्समथ या दोन्ही क्लबांत होता.

परंतु बाहेरून आणलेल्या खेळाडूंनी एखादा सामना जिंकता येतो, परंपरा उभी राहत नाही. परंपरा लियारीच्या आणि चमनच्या मैदानांवर उभी राहायला हवी. आपल्याकडे ती कोल्हापूरच्या तालमींच्या संघांत आणि मडगाव-म्हापशाच्या मैदानांवर टिकून आहे. तिथे मुलांना शिकवणारा माणूस चांगला हवा, शिकलेला हवा आणि त्याला वर जाण्याची वाट हवी. आपल्याकडे मुंबईत महिंद्र युनायटेडकडून खेळलेला खालिद जमील आधी मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला, मग २०१७ मध्ये त्याने मिझोरमच्या ऐझॉल या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, आणि तरीही राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद त्याला मिळायला ऑगस्ट २०२५ उजाडले. गोव्याच्या सावियो मेदेरानंतर सुमारे तेरा वर्षे त्या जागी एकही भारतीय नेमला गेला नव्हता. आपलेच लोक आपल्या लोकांना बाकावर बसवायला इतका वेळ घेत असतील, तर परक्या मुलखात झेशला किती वाट पाहावी लागली असेल याचा अंदाज येतो.

टीव्हीवर फुटबॉलचा सामना पाहताना गोल झाला की कॅमेरा क्षणभर बाकाकडे वळतो. आपण तेवढ्यात पाण्याचा पेला उचलतो. पुढच्या वेळी तिकडे जरा लक्ष द्या. मैदानातल्या अकरांकडे पाहून त्या खेळाचा आज कळतो. उद्या कोणाला संधी मिळणार, याचा अंदाज त्या बाकावरून येतो.